'खचित', 'नक्की' आणि 'निश्चितपणें'

मराठी भाषेच्या अवनतीविषयीं जे शोकलेख वारंवार वाचावयास मिळतात, त्यांत एका शब्दाच्या मृत्यूची वार्ता बहुधा असतेच. तो शब्द 'खचित'. आजोबांच्या पत्रांत तो होता, जुन्या निबंधांत होता, नाटकांतील नायकाच्या मुखीं होता. पुढें 'नक्की' नांवाचा एक बाजारी शब्द आला आणि त्यानें त्याचा गळा घोटला, अशी ही फिर्याद आहे. फिर्यादीचा उत्तरार्ध आणखी विलक्षण आहे. 'खचित' गेला तर गेला, पण शिष्ट लेखनांत त्याच्या जागीं 'नक्की'सारखा दुकानी शब्द न येतां 'निश्चितपणें' अथवा 'निश्चितच' यावा, कारण हे शब्द संस्कृत, संस्कृत म्हणून भारदस्त, आणि भारदस्त म्हणून खात्रीचे! या फिर्यादीचा पूर्वार्ध अर्धवट आहे व उत्तरार्ध सर्वस्वीं चुकीचा आहे, असें आमचें म्हणणें आहे. आणि त्याच्या पुष्ट्यर्थ आम्ही वाचकांस सोलापुरास, तेंही नव्या पेठेंत, घेऊन जाणार आहों. ज्याच्यावर खुनाचा आरोप आहे तो बाजारांत राहतो, तेव्हां चौकशीही तेथेंच झालेली बरी.

प्रथम मृताची ओळख. 'खचित' हें मुळांत संस्कृत धातुसाधित. रत्नखचित मुकुट, सुवर्णखचित सिंहासन या शब्दांत तें अजून आपल्या मूळ अर्थानें वावरत आहे: कोंदणांत जडविलेलें, घट्ट बसविलेलें. हिरा कोंदणांत नीट बसला म्हणजे हलत नाहीं. तसें जें विधान हलणार नाहीं तें 'खचित', असा अर्थाचा प्रवास झाला असावा. शब्द सुंदर आहे यांत वाद नाहीं. परंतु त्याच्या शेजारीं 'खचणें' हें क्रियापद येऊन बसलें. भिंत खचते, रस्ता खचतो, मन खचतें. आजचा विद्यार्थी 'खचित' हा शब्द वाचतो तेव्हां त्यास हिरा आठवत नाहीं, पावसाळ्यांतील दरड आठवते. घट्टपणा सांगणाऱ्या शब्दानें कानाशीं पडझडीचा आवाज करावा, हें त्या शब्दाचें दुर्दैव. त्यांत 'नक्की'चा हात कोठें दिसतो?

शिवाय तो मेला, हेंच आधीं तपासून पाहिलें पाहिजे. सोलापूर हें चार भाषांचें गांव आहे. १८७७ सालीं येथें पहिली कापडगिरणी उभी राहिली, जिला पुढें सारें गांव 'जुनी मिल' म्हणूं लागलें. तिच्या मागून आणखी गिरण्या आल्या, माग आले, आणि मागांबरोबर तेलंगणांतून विणकरांचीं कुटुंबें आलीं. कानडी तर येथील मातींतलीच. थोडें पुढें गेलें कीं कर्नाटकाची हद्द लागते. उर्दू आहे. आणि हीं सर्व माणसें सणासुदीच्या व लग्नकार्याच्या खरेदीस नव्या पेठेंत येतात. त्या गर्दींत क्षणभर कान देऊन उभें राहावें. तेलुगु बोलणाऱ्या दोन बायका आपसांत कांहीं ठरवीत असतात आणि एकीच्या तोंडून स्पष्ट ऐकूं येतें: 'खच्चितंगा'. हा आपला 'खचित'च, लुगड्यास काठ लावावा तसा तेलुगु प्रत्यय लावलेला; आणि त्या भाषेंत तो पंडितांचा नव्हे, रोजच्या बोलण्यांतला शब्द आहे. कानडींतही 'खचित' आहे. शिवाय तेथें 'खंडित' म्हणजेही निःसंशय. 'खंडित बर्तीनि' असें कानडी पाहुणा म्हणाला तर मराठी यजमानास वाटावें कीं हा येणार तो तुकड्यातुकड्यांनीं येणार; परंतु तो बिचारा म्हणत असतो कीं खात्रीनें येतों. (त्याला हंसण्याचें कारण नाहीं. आपल्याकडेही भाव 'खंडून' ठरवीत असत. एक घाव घालून तोडलें तें ठरलें, ही कल्पना मराठीसही परकी नाहीं.) सारांश, ज्या बाजारावर 'खचित'च्या खुनाचा आरोप आहे त्याच बाजारांत तो दोन भाषांच्या आश्रयानें धडधाकट नांदत आहे. आपलें घर सोडून तो शेजारीं राहावयास गेला, एवढेंच काय तें घडलें.

आतां आरोपी. नव्या पेठेंतील कापडाच्या दुकानांत कोणत्याही दिवशीं ऐकूं येणारा संवाद असा:

"दादा, रंग पक्का आहे ना? पहिल्या धुण्यांतच जायचा नाहीं तर!"

"पक्का आहे की ओ, ताई. गेला तर चादर परत आणा."

"आणि याच नक्षीची दुसरी केव्हां मिळेल?"

"शुक्रवारीं. नक्की."

एवढ्याशा बोलण्यांत मराठी व्यवहारांतील दृढतेचे दोन शब्द येऊन गेले आणि दोघांचीं कामें वेगळीं आहेत. 'पक्का' हा वस्तूविषयीं, 'नक्की' हा कराराविषयीं. 'पक्का' हा 'पक्व'चा वंशज. भाजलेली वीट पक्की, आणि धुण्यानें न जाणारा रंगही पक्का. त्याच्या समोर 'कच्चा' सदैव उभा असतो, म्हणून त्यास फारसें लबाड होतां येत नाहीं: कच्चें बिल आणि पक्कें बिल यांतील फरक व्यापाऱ्यास व सरकारास सारखाच कळतो. 'नक्की' हा हिशेबाचा आणि सौद्याचा शब्द. भाव नक्की होतो, तारीख नक्की होते, लग्न नक्की होतें. म्हणजे दोन पक्षांमध्यें जें लोंबकळत होतें तें एका जागीं येऊन ठरतें. लक्षांत घेण्याची गोष्ट ही कीं दोन्ही शब्दांना परीक्षा आहे. रंगाची परीक्षा पाणी घेतें. दुकानदाराच्या 'नक्की'ची परीक्षा शुक्रवार घेतो. शुक्रवारीं चादर आली नाहीं तर गिऱ्हाईक 'तुम्ही नक्की म्हणालां होतां' असें म्हणूं शकतें, आणि या वाक्यापुढें दुकानदारास खालीं पाहावें लागतें. बाजारी म्हणून ज्याची हेटाळणी होते तो शब्द उच्चारणाऱ्यास असा बांधून ठेवतो.

आणि 'निश्चितपणें'? पुस्तक-परीक्षणें, प्रस्तावना, संस्थांचे अहवाल, सभांचे वृत्तांत हीं त्याचीं राहण्याचीं ठिकाणें. 'हें पुस्तक निश्चितच वाचनीय आहे.' 'या उपक्रमाचा समाजास निश्चितपणें लाभ होईल.' 'या प्रश्नाचा निश्चितपणें विचार केला जाईल.' या वाक्यांतील निश्चय केला कोणीं? लाभ किती, कोणास, कोणत्या शुक्रवारीं मोजावयाचा? विचार करणार कोण? शेवटच्या वाक्यांत तर कर्ताच नाहीं. घरमालक परागंदा आणि दारावर पाटी मात्र झळझळीत! 'नक्की' या शब्दामागें एक माणूस उभा असतो. 'निश्चितपणें'च्या मागें बहुधा कोणीच नसतो, आणि आमची समजूत अशी आहे कीं याच सोयीसाठीं तो इतका लोकप्रिय झाला आहे.

तो व्याकरणदृष्ट्याही या जागीं बसत नाहीं, हें येथेंच सांगून टाकूं. 'पणें' हा प्रत्यय क्रियेची रीत दाखवितो. 'तिनें शांतपणें ऐकलें', 'त्यानें ठामपणें नकार दिला', 'साक्षीदारानें निश्चितपणें उत्तर दिलें' हीं वाक्यें निर्दोष आहेत; ऐकण्याची, नकाराची, उत्तराची रीत त्यांत सांगितली आहे. आतां 'तो ठामपणें येईल' असें कोणी म्हणून पाहावें. हंसूं येतें. येण्यांत ठामपणा कसला? पाय आपटीत येणार कीं काय? मग 'तो निश्चितपणें येईल' या वाक्यानें हंसूं कां येऊं नये? दोन्ही वाक्यांची घडण एकच. पहिल्याची संवय झालेली नाहीं आणि दुसऱ्याची झाली आहे, एवढाच फरक. खात्री द्यावयाची ती 'येईल' या विधानाची, आणि आपण पक्की करीत बसतों ती येण्याची क्रिया! संबंध विधानास लागणारे शब्द मराठींत निराळे आहेत: 'नक्की', 'खचित', 'अवश्य', 'खास', 'हमखास'. यांना 'पणें'ची शेपटी लागत नाहीं. 'नक्कीपणें' असें शाळेंतलें पोरही म्हणणार नाहीं. इंग्रजी वाक्यांतील प्रत्येक क्रियाविशेषणास 'पणें' लावून मोकळें होण्याची जी संवय घाईच्या भाषांतरांनीं लावली, तिचेंच हें फळ आहे, असा आमचा तर्क आहे.

'पण शब्द संस्कृत आहे' हा युक्तिवाद राहिला. शब्दाचें कुळ पाहून त्याच्या खात्रीचा अंदाज करणाऱ्यांनीं आपल्याच भाषेंतील या वर्गाची वंशावळ एकदां चाळावी. 'खातरजमा' हा मराठींतील सर्वांत जबाबदार शब्दांपैकीं एक; 'खातिर' म्हणजे मन आणि 'जमा' म्हणजे गोळा झालेलें, दोन्ही अरबी. विखुरलेलें मन एका जागीं गोळा होणें, ही खात्रीची याहून सूक्ष्म व्याख्या कोणत्या दर्शनांत सांपडेल? 'अलबत' अरबी, 'जरूर' अरबी, 'खास'ही अरबी. खास म्हणजे विशेष, पण 'तो खास येईल' या वाक्यांत मराठी माणसानें त्यास खात्रीच्या कामावर नेमलें. 'बेशक'ची गंमत तर सांगण्यासारखी आहे. शक म्हणजे शंका; बेशक म्हणजे निःशंक, निःसंशय. उर्दूंत तो त्याच अर्थानें राहिला. मराठींत मात्र 'बेशक जा', 'बेशक बोला' म्हणजे खुशाल जा, बिनदिक्कत बोला. वाक्यांतली शंका जावयाची ती मराठींत ऐकणाऱ्याच्या मनांतली भीड गेली! इकडे 'अवश्य' शुद्ध संस्कृत. त्याचा मूळ अर्थ जें आपल्या वश नाहीं तें, टाळतां न येणारें. आणि आज निमंत्रणपत्रिकेवरील 'अवश्य यावें' हें सर्वांत सहज टाळतां येणारें वाक्य झालें आहे. ज्या माधवराव पटवर्धनांनीं १९२५ मध्यें फार्शी-मराठी कोश सिद्ध केला, त्यांनींच १९३८ मध्यें 'भाषाशुद्धिविवेक' लिहून परकी शब्दांविरुद्ध बाजू मांडली. त्या वादांत आज शिरण्याचें प्रयोजन नाहीं. पण शुद्धिवाद्यांस आमचा एक प्रश्न आहे. 'खातरजमा केली' या वाक्याच्या जागीं 'निश्चिती केली' असें लिहिल्यानें चौकशी अधिक झाली काय?

खरा वाद याहून खोल आहे. दृढतावाचक शब्द घातल्यानें विधान दृढ होतें, असें सर्वजण गृहीत धरतात. आमच्या मतें बहुधा उलट घडतें. 'रात्रीं पाऊस पडला' असें म्हणणाऱ्यानें पाऊस पाहिला. 'रात्रीं नक्की पाऊस पडला असेल' असें म्हणणारा झोंपला होता. त्यानें सकाळीं ओली माती पाहिली. 'नक्की' आल्याबरोबर त्याच्या मागून 'असेल' आला, आणि मराठी ऐकणाऱ्यास काय तें कळलें. डोळ्यांनीं पाहिलेल्या गोष्टीस, हिशेबाच्या उत्तरास, गांवाच्या नांवास कोणी 'खचित' लावीत नाहीं. 'सोलापूर महाराष्ट्रांत आहे' हें वाक्य पुरेसें आहे. 'सोलापूर खचित महाराष्ट्रांत आहे' असें म्हटलें कीं ऐकणारा दचकतो, कोणी हरकत घेतली आहे कीं काय? म्हणजे हे शब्द ज्ञानाच्या प्रदेशांत राहतच नाहींत. ते राहतात तर्काच्या प्रदेशांत आणि वचनाच्या प्रदेशांत. जें पाहिलेलें नाहीं आणि जें अजून घडलेलें नाहीं, तेथें.

ही आमची कल्पनेची भरारी नव्हे. संस्कृतांतील 'नूनम्' हा आपण खात्रीचा शब्द समजतों; अमरकोशांत त्याचे अर्थ दोन दिले आहेत, तर्क आणि निश्चय, आणि तर्क आधीं. दंडीनें 'काव्यादर्शां'त उत्प्रेक्षा ओळखण्याचे शब्द सांगितले आहेत. उत्प्रेक्षा म्हणजे एक वस्तु जणूं दुसरीच आहे अशी कवीनें केलेली संभावना. मुख चंद्र नाहीं हें कवीस पुरतें ठाऊक असतें. या अलंकाराची खूण म्हणून दंडी कोणते शब्द देतो? 'मन्ये', म्हणजे मला वाटतें. 'शङ्के', म्हणजे मला शंका येते. 'प्रायः', म्हणजे बहुधा. आणि त्यांच्याच पंक्तीस 'ध्रुवम्' आणि 'नूनम्'! आकाशांत न हलणाऱ्या ताऱ्याचें नांव ज्या शब्दावरून पडलें, तो शब्द 'मला शंका येते' आणि 'बहुधा' यांच्या मध्यें बसविला आहे. हजारांहून अधिक वर्षांपूर्वींच्या या आचार्यास जें दिसलें तें आमच्या अहवाललेखकांस दिसूं नये, याचें नवल वाटतें. पानभर 'निश्चितपणें' लिहिणारा गृहस्थ आपल्या नकळत उत्प्रेक्षा लिहीत असतो.

यावर कोणी म्हणेल, एका क्रियाविशेषणासाठीं एवढा खटाटोप कशास? उत्तर असें कीं या शब्दावर माणसांचें बरेंच कांहीं अवलंबून असतें. न्यायालयांत साक्षीदार उभा राहतो. 'मीं त्यास पाहिलें' आणि 'तो नक्की तोच असला पाहिजे' या दोन वाक्यांत एका माणसाच्या आयुष्याचें अंतर आहे, आणि दुसरें वाक्य ऐकावयास अधिक जोरदार आहे हेंच भयंकर. ज्या शहराच्या चार पुत्रांस, मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकृष्ण सारडा, जगन्नाथ शिंदे आणि कुर्बान हुसेन यांस, १२ जानेवारी १९३१ रोजीं येरवड्याच्या तुरुंगांत फांशी दिलें गेलें, त्या शहरास साक्षीच्या भाषेचें मोल कोणी समजावून सांगावयास नको. रुग्णालयाच्या बांकावर बसलेल्या बाईस 'निश्चितपणें बरे होतील' असें कोणी सांगतो आणि 'उद्यांपर्यंत ताप उतरला तर धोका टळला' असें दुसरा सांगतो. दुसऱ्यानें 'निश्चित' हा शब्द उच्चारलाही नाहीं, पण तिच्या हातांत धरावयास कांहीं तरी दिलें. गिरणी बंद पडते तेव्हांही दोन प्रकारचीं वाक्यें कामगारांच्या कानीं येतात. 'गिरणी निश्चितपणें सुरू होईल' हें एक. 'अमुक तारखेस थकलेला पगार मिळेल, न मिळाल्यास अमक्याकडे या' हें दुसरें. सोलापुरांतील जुन्या गिरण्या एकामागून एक थंडावल्या. ज्या घरांनीं तो काळ काढला आहे त्यांतील म्हाताऱ्यांस विचारावें, या दोहोंपैकीं कोणतें वाक्य पोटास आधार देतें. आणि ज्या शहरांत नळाचें पाणी वर्षानुवर्षें दिवसांच्या अंतरानें येत आलें, तेथील गृहिणी 'पाणी नक्की कधीं येणार?' असें विचारते तेव्हां तिला निश्चय नको असतो. वार आणि वेळ हवी असते.

हें गृहिणीचें 'नक्की कधीं' ऐकून शुद्धिवादी पुन्हां कपाळास आंठ्या घालतील. प्रश्नांत 'नक्की' कशाला? तेथें 'नेमकें' हवें! 'नेमकें' अधिक चांगलें, हें आम्हांस मान्य आहे. पण 'नक्की काय झालें?' हा प्रयोगही निराधार नाहीं. हिशेब नक्की करावा तशी ही गोष्ट एकदां एका जागीं आणून ठरवा, असें तो विचारणारा म्हणत असतो. त्याच्यावर शाई खर्च करण्याइतका तो अपराध मोठा नाहीं.

मोठा आक्षेप वेगळाच आहे, आणि तो आम्ही टाळूं इच्छीत नाहीं. 'नक्की'ही आतां भ्रष्ट झाला आहे असें म्हणतात. 'या हो जेवायला एकदां.' 'नक्की, नक्की!' या दुहेरी 'नक्की'चा अर्थ दोघांनाही ठाऊक असतो: कोणी बोलावलेलें नाहीं आणि कोणी जाणार नाहीं. खरें आहे. परंतु येथें फसला कोण? एकदां उच्चारलेला 'नक्की' करार करतो. दोनदां उच्चारलेला शिष्टाचार पाळतो. आणि हा भेद नव्या पेठेंतील पोऱ्यासही समजतो. दुकानदार 'शुक्रवारीं नक्की, नक्की' म्हणाला तर जाणतें गिऱ्हाईक शनिवारींच जातें. ज्या शब्दाची झीज सर्वांस दिसते तो धोक्याचा नव्हे. घासलेलें नाणें हातास लगेच कळतें. धोका त्या नाण्याचा, जें कधीं बाजारांत फिरलेंच नाहीं आणि म्हणून अजून चकाकतें. 'निश्चितपणें' कधीं कोणीं धुऊन पाहिलेला नाहीं.

म्हणून आमची सूचना साधी आहे, आणि ती विशेषतः परीक्षण लिहिणाऱ्या मित्रांस आहे, कारण या मासिकाच्या पानांवर ते सर्वांत अधिक पाहुणे असतात. 'हें पुस्तक निश्चितच वाचनीय आहे' हें वाक्य लिहून झालें कीं त्यांतील 'निश्चितच' खोडून पाहावा. 'हें पुस्तक वाचनीय आहे' एवढें उरतें; आणि तें इतकें उघडें पडतें कीं परीक्षकास पुढें लिहावेंच लागतें, कोणतें प्रकरण, कोणतें पात्र, कितव्या पानावरील कोणता प्रसंग.